जुन्या ट्रॉलर इंजिनचा सेल्फ जड फिरतो: मोटर काढण्याआधी काय तपासावं?

मालीमकाठ

लाकडी ट्रॉलर, बाहेरून फायबर चढवलेला. इंजिन सहा सिलिंडरचं जुनं डिझेल, ट्रकचंच मरीन केलेलं. सिस्टिम २४ व्होल्ट, म्हणजे १२ व्होल्टच्या १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. बॅटरीची पेटी केबिनखाली. तिथून सेल्फपर्यंत (इंजिन चालू करणाऱ्या स्टार्टर मोटरपर्यंत) प्लस आणि मायनस दोन्ही केबल साधारण तीन-तीन मीटर, प्लसमध्ये मेन स्विच.

१ जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागली तेव्हा इंजिन एका दमात चालू होत होतं. आता चावी दिली की सेल्फ उचलतो, पण जड फिरतो. प्रत्येक कॉम्प्रेशनला अडखळतो, मग पुढे सरकतो. कट-कट आवाज नाही, दात घसरल्याचा खरखराटही नाही. चावी न देता मीटर लावला तर एक बॅटरी १२.६२ आणि दुसरी १२.३८ दाखवते. टर्मिनल घासून, व्हॅसलीन लावून झालं. फरक शून्य.

मेकॅनिकचं म्हणणं, सेल्फ उतरवून म्हापशाला वायंडिंगवाल्याकडे द्या. सेल्फ इंजिनच्या खालच्या अंगाला आहे, उतरवायला अर्धा दिवस जातो. १ ऑगस्टला सीझन सुरू, हातात पाच दिवस. उतरवण्याआधी जागेवरच काय काय तपासता येईल?

वास्को_इंजिनरूम

भाऊ, आता पुन्हा चावी देऊ नका. आधी इंजिन हाताने फिरवून बघा.

कारण असं की बंदीचे दोन महिने म्हणजे भर पावसाचे दोन महिने. सायलेन्सरचं नळकांडं वर जाणारं असेल आणि त्यावर डबा किंवा झडप नसेल, तर पाणी मॅनिफोल्डमध्ये उतरतं. तिथून ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिलाय त्यात शिरतं. पाणी दाबलं जात नाही. सेल्फने जोर केला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग सेल्फचा खर्च आठवणीतही राहत नाही.

मेन स्विच बंद, स्टॉप लिव्हर (डिझेल तोडून इंजिन बंद करणारा दांडा) ओढून बांधलेला, गिअर न्यूट्रल. क्रँक पुलीच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावा किंवा फ्लायव्हीलला पहार लावा, आणि इंजिन पूर्ण दोन फेरे फिरवा. दोनच का, तर फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन दोन फेऱ्यांत एकदा येतं. सहा सिलिंडरला एका फेऱ्यात तीन वेळा हाताला जड लागेल. ते जड लागणं स्प्रिंगसारखं हवं: दाब धरून ठेवला की हळूहळू सुटत जातं. दगडाला टेकल्यासारखं एकदम थांबलं, तर जोर लावू नका. इंजेक्टर काढा आणि इंजिन हळू फिरवून पाणी बाहेर पडू द्या. ऑइलची दांडीही बघा. ऑइल दुधासारखं पांढुरकं दिसलं तर पाणी सम्पपर्यंत, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलपर्यंत, पोचलंय.

इंजिन मोकळं फिरलं की त्याला जोडलेलं सामान बघा. विंचचा (जाळं ओढणाऱ्या यंत्राचा) क्लच सुटलेला आहे ना? बेल्ट काढून अल्टरनेटर आणि पाण्याच्या पंपाच्या पुल्या हाताने फिरवा. सी-वॉटर पंपातला रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारं पाकळ्यांचं चाक) दोन महिने एकाच जागी राहिला की बॉडीला चिकटतो.

एक्झॉस्टमध्ये समुद्राचं पाणी सोडणारी रचना असेल, तर टेस्ट करताना सी-कॉक (समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह) बंद ठेवा. इंजिन न पेटता सेल्फ मारत राहिलात तर पंप पाणी ढकलत राहतो आणि ते बाहेर फेकायला एक्झॉस्टचा दाब नसतो. पाणी साठतं आणि उलटं सिलिंडरात येतं. टेस्ट संपली की चावी सी-कॉकच्या दांड्याला अडकवून ठेवा, म्हणजे उघडायचं विसरणार नाही.

चापोरा_वायरिंग

इंजिन मोकळं निघालं तर पुढचं वाचा.

तुमच्या वर्णनातच निम्मं उत्तर आहे. सेल्फ *फिरतोय*, म्हणजे सोलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच) आत ओढला गेलाय आणि त्याचा जाड कॉन्टॅक्ट जुळलाय. तेव्हा चावी, बटण, रिले, बारीक वायरिंग यांच्या मागे वेळ घालवू नका. शंका उरते ती करंटच्या जाड रस्त्यावर: बॅटऱ्या, दोन बॅटऱ्यांमधला जोड, मेन स्विच, केबल, थिंबल (केबलच्या टोकाची बोल्टची कडी), सोलेनॉइडचा कॉन्टॅक्ट, आणि मग खुद्द मोटर.

१२.६२ आणि १२.३८ हे आकडे बिनकामाचे नाहीत, पण रिकाम्या बसलेल्या बॅटरीचे आहेत. केबलच्या पन्नास तारांपैकी दोनच शाबूत असल्या तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण मीटर करंट ओढतच नाही. खरं चित्र सेल्फ फिरत असतानाच दिसतं.

साधा डिजिटल मल्टिमीटर, डीसी २० व्होल्टच्या रेंजवर. एकूण २४चं माप घेताना मात्र वरची रेंज. एका प्रोबला चारेक मीटरची वायर जोडून घ्या, म्हणजे केबिनखालून सेल्फपर्यंत पोचेल. स्टॉप लिव्हर ओढलेलाच ठेवा, इंजिन पेटायला नको. एक माणूस चावीवर, एक मीटरवर. एका वेळी दहा सेकंद सेल्फ, मग दोन मिनिटं विश्रांती. सेल्फची मोटर सलग चालण्यासाठी बनलेलीच नाही. हातातलं घड्याळ, अंगठी, कडं काढून ठेवा. नुकत्याच चार्ज केलेल्या बॅटरीजवळ ठिणगी पडू देऊ नका.

सेल्फ फिरत असताना ही मापं घ्या आणि लिहून ठेवा:

१. बॅटरी अ, खांबापासून (शिशाच्या टर्मिनलपासून) खांबापर्यंत. मग बॅटरी ब. कोणतीही ९.६च्या खाली जाता कामा नये.
२. अ आणि ब यांना जोडणाऱ्या तुकड्याच्या दोन टोकांत, खांबापासून खांबापर्यंत.
३. बॅटरीच्या प्लस खांबापासून सेल्फच्या जाड प्लस बोल्टपर्यंत. चांगल्या बोटीत अर्ध्या व्होल्टच्या आसपास, २४ व्होल्टला एक व्होल्टपर्यंत चालवून घेता येतं. मेन स्विचच्या दोन बोल्टांमध्ये वेगळं माप घ्या.
४. बॅटरीच्या मायनस खांबापासून सेल्फच्या *बॉडीपर्यंत*, रंग खरवडलेल्या जागी. ०.४च्या आत हवं.
५. सेल्फच्या प्लस बोल्टपासून त्याच्या बॉडीपर्यंत. मोटरला प्रत्यक्ष मिळतं ते हे व्होल्टेज.
६. सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांमध्ये. ०.३ पेक्षा जास्त आलं तर आतली तांब्याची चकती जळलीय.

प्रोब टेकवताना शिशाच्या खांबावरच टेकवा, वरच्या क्लॅम्पवर नाही. क्लॅम्पवर टेकवलात तर खांब आणि क्लॅम्प यांच्यातला खराब जोड मापातून निसटतो, आणि बऱ्याचदा दोष नेमका तिथेच असतो.

डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर कुणाकडे मिळाला तर करंटही घ्या. एसीवाला चालणार नाही. क्रँक पुलीवर खडूची रेघ मारा आणि मोबाइलवर व्हिडिओ घेऊन दहा सेकंदांतले फेरे मोजा. नुसतं "जड फिरतो" यापेक्षा आकडा बरा, दुरुस्तीनंतर तुलना करता येते.

मायनसकडे खास लक्ष द्या. ट्रकमध्ये लोखंडी चासी परतीचा रस्ता असते. लाकडी किंवा फायबरच्या बोटीत ती सोय नाही, सगळा करंट एकाच केबलने परत येतो. आणि सगळे प्लसच साफ करत बसतात.

कुटबण_डिझेल

वरच्या यादीत एक प्रश्न घालतो. व्हीएचएफ (बोटीचा वायरलेस), फिश फाइंडर, जीपीएस, केबिनचा दिवा यांना १२ व्होल्ट कुठून घेतलेत? दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर ओढली असेल तर तसं सांगा. आणि दोन्ही बॅटऱ्या सेल्फसाठीच्याच आहेत ना? घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी बोटीवर आणून लावलेली असते. तिच्या प्लेटा जाड असतात, सावकाश तासन्‌तास करंट देण्यासाठी. एका झटक्यात ३०० अँपिअर मागितले की ती बसते. एएचचा आकडा मोठा असला तरी.

मालीमकाठ

सर्वांचे आभार. इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं, कुठेही दगडासारखं अडलं नाही. ऑइल स्वच्छ. विंच मोकळा. पंप चिकटला होता, इम्पेलर काढून घातला, पण सेल्फमध्ये फरक पडला नाही.

मापं, सेल्फ फिरत असताना:

बॅटरी अ: १०.९
बॅटरी ब: ८.१
दोघींमधला तुकडा: ०.२
प्लस, खांब ते सेल्फ: ०.७ (यातले मेन स्विचवर ०.४)
मायनस, खांब ते सेल्फची बॉडी: १.९
सेल्फवर मिळालेलं: १६.२
सोलेनॉइडच्या बोल्टांत: ०.१
करंट: साधारण २९० अँपिअर
दहा सेकंदांत फेरे: १२

व्हीएचएफ आणि फिश फाइंडरची वायर बॅटरी ब वरून आहे, म्हणजे मायनसच्या बाजूच्या बॅटरीवरून. दोन्ही बॅटऱ्या सेल्फच्याच, तीन वर्षांच्या.

चापोरा_वायरिंग

मापं व्यवस्थित घेतलीत. हिशोब जुळतो: १०.९ आणि ८.१ मिळून १९. त्यातून ०.२, ०.७ आणि १.९ गेले की १६.२. असा जमाखर्च जुळला म्हणजे कुठलाही जोड मोजायचा राहिलेला नाही.

सेल्फ उतरवू नका. २९० अँपिअर हा सहा सिलिंडर डिझेलला रास्त करंट आहे. मोटर आतून घासत असती, बुश (दांड्याला धरणाऱ्या बाह्या) झिजून आर्मेचर (फिरणारा भाग) पोल शूला (भोवतीच्या लोखंडाला) लागत असतं, तर वेग कमी आणि करंट बराच जास्त दिसला असता. कार्बन (करंट आत देणारे ब्रश) संपले असते किंवा कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा भाग) काळा पडला असता, तर मोटरला व्होल्टेज चांगलं मिळूनही करंट कमी आला असता. तुमच्याकडे करंट बरोबर आहे, व्होल्टेजच पोचत नाहीये. मोटरचा जोर करंटवर, वेग व्होल्टेजवर. इंजिनाला वळवायला लागणारा जोर तोच, म्हणून करंट तेवढाच. व्होल्टेज १६, म्हणून वेग मंद. दहा सेकंदांत १२ फेरे म्हणजे मिनिटाला ७२. अशा जुन्या डिझेलला पेट घ्यायला मिनिटाला साधारण १०० फेरे तरी हवेत. त्याखाली कॉम्प्रेशनची उष्णता सिलिंडरच्या भिंतींत मुरते आणि दाब रिंगांतून निसटतो.

दोन दोष आहेत, एक नाही.

पहिला मायनसचा. १.९ व्होल्ट गुणिले २९० अँपिअर म्हणजे ५५० वॅट. जवळजवळ इस्त्रीएवढी उष्णता त्या मायनसच्या रस्त्यात कुठेतरी जिरतेय. दहा सेकंद सेल्फ मारा, चावी सोडा आणि लगेच केबलवरून हात फिरवत जा, जपून. जिथे गरम लागेल तिथे दोष. मग मीटरने पक्कं करा: खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते थिंबल, थिंबल ते इंजिनचा ब्लॉक, ब्लॉक ते सेल्फची बॉडी. प्रत्येक जोडाला ०.१च्या आत यायला हवं.

दुसरा दोष बॅटरी ब.

कुटबण_डिझेल

ब बद्दल मी सांगतो, ही खोड बंदरातल्या अर्ध्या ट्रॉलरांना लागलेली आहे.

सिरीजमध्ये दोन्ही बॅटऱ्यांतून करंट सारखाच जातो. अल्टरनेटर दोघींना मिळून २८ व्होल्ट देतो, पण फिश फाइंडर रात्रभर एकट्या ब मधून पितो. चार्जिंगला ब मागे, अ पुढे. अ लवकर भरते, तिचं व्होल्टेज चढतं, आणि रेग्युलेटर एकूण बेरीज बघून हात आखडता घेतो. ब कधीच पूर्ण भरत नाही, तिच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. तिकडे अ उकळत राहते आणि तिचं पाणी आटतं. अ चं पाणी बघा, खाली गेलेलं सापडेल.

हायड्रोमीटर (बॅटरीच्या ॲसिडची घनता मोजणारी नळी) लावा. प्रत्येक सेलचं माप वेगवेगळं लिहा. पूर्ण चार्ज झाल्यावर कंपनीप्रमाणे १.२४० ते १.२६० यायला हवं. आकड्यापेक्षा सहा सेलमधला फरक महत्त्वाचा. एकच सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५०ने खाली असेल तर तो सेल गेला, चार्जिंगने परत येणार नाही. सगळेच सारखे खाली असतील तर १२ व्होल्टच्या चार्जरने एकट्या ब ला १५ अँपिअरवर रात्रभर चार्ज करून पुन्हा बघा. चार्ज करताना पेटीचं झाकण उघडं, आणि जवळपास विडी-सिगारेट नको.

बदलायची वेळ आली तर दोन्ही बदला: एकाच कंपनीच्या, एकाच महिन्याच्या. तीन वर्षांची अ आणि नवी ब असा जोड लावलात तर असमतोल परत पहिल्या दिवसापासून. जुनी अ केबिनच्या दिव्यांना वेगळी वापरता येईल.

आणि ती १२ व्होल्टची वायर काढून टाका. २४ ते १२ व्होल्टचा कन्व्हर्टर मिळतो. व्हीएचएफ बोलताना पाच-सहा अँपिअर घेतो, फिश फाइंडर आणि जीपीएस त्याहून कमी. २० अँपिअरचा पुरेसा होतो. त्याच्या २४ व्होल्टच्या वायरला बॅटरीजवळच फ्यूज घाला.

मालीमकाठ

दोष सापडला. मायनसची केबल इंजिनच्या फाउंडेशनच्या पायाला बोल्टने धरलेली आहे. १.९ पैकी १.३ एकट्या त्या जोडावर, थिंबल ते ब्लॉक. बोल्ट काढला तर थिंबलखाली रंगाचा थर, त्याखाली गंज, आणि मध्ये एक स्टीलचा वॉशर. थिंबलच्या मानेपाशी इन्सुलेशन चिरलं तर तारा काळ्या आणि हिरव्या. हात-दीड हात आत गेलो तरी काळ्याच.

बॅटरी ब चा तिसरा सेल १.१४०, बाकीचे १.२२० ते १.२३०. अ चं पाणी प्लेटांच्या खाली गेलेलं.

केबल कोणत्या मापाची घेऊ? दुकानदार ३५ स्क्वेअरची वेल्डिंग केबल देतोय.

चापोरा_वायरिंग

३५ची घेऊ नका. हिशोब करा: ३५ चौरस मिलिमीटर तांब्याला मीटरला अर्धा मिलिओहम. जाऊन-येऊन सहा मीटर म्हणजे तीन मिलिओहम. २९० अँपिअरला ०.८७ व्होल्ट फक्त तारेत गेले, जोड वेगळेच. ७० स्क्वेअर घेतलीत तर हेच ०.४३. प्लसही त्याच मापाची करा.

वेल्डिंग केबल लवचिक असते, पण तिच्या तारांवर कथिलाचा मुलामा नसतो. खारी हवा थिंबलच्या तोंडातून आत शिरते आणि कळंक तारेतारेने इन्सुलेशनखाली चढत जातो. तुम्हाला दिसलं ते हेच. कथिल चढवलेली मरीन केबल मिळाली तर उत्तम. मिळाली नाही तर साधी शुद्ध तांब्याची घ्या, पण टोकं नीट बंद करा. घेताना एक तार चाकूने खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर ती तांबं चढवलेली अॅल्युमिनियम, बोटीवर आणूच नका.

थिंबल कथिल चढवलेलं, जाड, बोल्टच्या मापाचं. हायड्रॉलिक क्रिम्पिंग मशीनने दाबून घ्या. हातोड्याने ठोकलेलं थिंबल वर्षभरात ढिलं होतं. नुसत्या सोल्डरच्या डागावर विसंबू नका. जोड तापला की डाग वितळतो, आणि जिथे डाग संपतो तिथे केबल कडक होऊन कंपनाने तुटते. वरून आत गोंद असलेली हीट-श्रिंक नळी, थिंबलच्या मानेपासून केबलवर चार-पाच सेंटिमीटर.

जोडाची जागाही बदला. इंजिनच्या पायाऐवजी सेल्फ ज्या बोल्टांनी धरलाय त्यातल्या एका बोल्टावर आणा. मधले जोड वाचतात, आणि ती जागा बिल्जच्या (बोटीच्या तळाशी साठणाऱ्या) पाण्यापासून थोडी वर आहे. सेल्फचा फ्लँज (बोल्ट लागतो ती कड) पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा. क्रम असा: धातू, त्यावर थेट थिंबल, मग वॉशर, मग स्प्रिंग वॉशर, मग नट. थिंबल आणि धातू यांच्यामध्ये काहीही नको. स्टेनलेस स्टीलचा वॉशर तर नकोच, तांब्याच्या तुलनेत तो वीज फार वाईट वाहतो. पूर्ण आवळून झाल्यावर मगच वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन. आधी लावू नका.

मेन स्विचचे ०.४ही जास्त आहेत. उघडता येत असेल तर आतले कॉन्टॅक्ट बघा. खड्डे पडले असतील तर नवा घाला, ३०० अँपिअर सतत सोसणारा. "पीक ३००" लिहिलेला नाही.

काम करताना मायनस आधी काढा, जोडताना मायनस शेवटी.

मालीमकाठ

काम झालं. दोन नव्या बॅटऱ्या, प्लस-मायनस ७० स्क्वेअर, मायनस सेल्फच्या बोल्टावर, मेन स्विच नवा, कन्व्हर्टर बसवला.

सेल्फ फिरताना अ ११.४, ब ११.४. मधला तुकडा ०.१. प्लस ०.४. मायनस ०.३. सेल्फवर २२.०. करंट २९०च. दहा सेकंदांत २१ फेरे. कॉम्प्रेशनला अडखळत नाही.

आता सेल्फला काही करायचं का, की तसाच ठेवू?

चापोरा_वायरिंग

मिनिटाला १२६ फेरे. पुरेसे आहेत. सेल्फ तसाच ठेवा.

कार्बनची पट्टी बाहेरून उघडणारी असेल तर एवढंच करा: मेन स्विच बंद करून पट्टी सरकवा, कार्बन होल्डरमध्ये बोटाने वर-खाली सरकतो का बघा. अडकत असेल तर काढून पुसा. नव्या कार्बनच्या निम्म्याहून कमी उरला असेल तर नोंद करून ठेवा, पुढच्या बंदीत बदला. कम्युटेटर चॉकलेटी, गुळगुळीत असेल तर हात लावू नका. काळा असेल तर बारीक काचपेपरची पट्टी फिरवा. एमरी नको, तिचे कण वीज वाहतात आणि पट्ट्यांमधल्या खाचांत अडकून शॉर्ट करतात.

पुढे कधी सेल्फ उतरवलाच आणि बुश बदलले, तर नवे ब्राँझचे बुश बसवण्याआधी दिवसभर स्वच्छ इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायला सांगा. ते सच्छिद्र असतात, ऑइल पिऊन ठेवतात. ग्रीस भरलं तर छिद्रं बुजतात.

वास्को_इंजिनरूम

आकडे बघून बरं वाटलं. १ तारखेला पहिल्यांदा चालू करताना सी-कॉक उघडा, स्टॉप लिव्हर सोडा, सायलेन्सरवर डबा घातला असेल तर काढा. डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून पाणी काढा आणि हातपंपाने हवा काढून घ्या. इंजिन पेटलं की लगेच ऑइल प्रेशर बघा, मग सी-वॉटर पंपाचं पाणी बाहेर पडतंय का ते. अर्ध्या मिनिटात पाणी दिसलं नाही तर बंद करा आणि पंप पुन्हा उघडा. इम्पेलर चिकटला होता म्हणालात, त्याची एखादी पाकळी तुटलेली असू शकते.